नरकाचा छेद : प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

ग्रंथालयाच्या दालनात ‘कथांमधला नरक’ या विषयावर मांडणी करायची आहे. मधोमध इटालियन कवी दान्ते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्यातल्या नरकाची उभी कापलेली प्रतिकृती, एका भिंतीवर भागवतातले नरक, दुसऱ्या भिंतीवर खेळांतले आणि कल्पनारम्य साहित्यातले नरक. पहिल्याच बैठकीत एक नियम ठरला : मजकुरात आकडा असेल तर तो पाळायचा, नसेल तिथे आपण काय धरलं ते पाटीवर लिहायचं. नरक रंगवताना हात सैल सुटतो. लाल रंग आणि ज्वाळा कुठेही खपतात, आणि मग एका कवीचा नरक दुसऱ्यापासून ओळखू येत नाही.

मुख्य प्रतिकृतीसाठी दान्तेच का, याचं कारण मोजमाप. दान्तेच्या ओळींवरून पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या अंतोनियो मानेत्तीने या नरकाचा हिशोब मांडला. १५८८ मध्ये तरुण गॅलिलिओने फ्लोरेन्सच्या अकादमीपुढे दोन व्याख्यानं देऊन तो हिशोब उचलून धरला. म्हणजे आपल्या हातात कवीचा मजकूरही आहे आणि त्याचा नकाशाही. आणखी एक धागा आपल्या जवळचा : मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत या काव्याचं जुनं हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं. दालनाच्या दारातल्या पाटीवर ही ओळ घ्यायची.

५ जून

मानेत्तीचे आकडे उतरवून घेतले. पृथ्वीची त्रिज्या ३२४५ ५/११ मैल. नरक म्हणजे टोक पृथ्वीच्या केंद्रात असलेला उलटा शंकू, तोंडाची रुंदी पृथ्वीच्या त्रिज्येइतकीच, आणि तोंडाच्या बरोबर मध्यावर, वर जमिनीवर, जेरुसलेम. जमिनीचं छत त्रिज्येच्या आठव्या हिश्श्याएवढं जाड, म्हणजे ४०५ १५/२२ मैल. त्यानंतर दर ४०५ १५/२२ मैलांवर एकेक पायरी : लिंबो (बाप्तिस्मा न झालेल्या निष्पाप जिवांची जागा), वासना, खादाडपणा, लोभ, मग क्रोध आणि पाखंड (ही दोन एकाच पातळीवर, मधे डिस नगरीचा तट), मग हिंसा. छत धरून सहा टप्पे. हिंसेच्या वर्तुळापासून खाली ७३० ५/२२ मैलांचा सरळ कडा, आणि उरलेले ८१ ३/२२ मैल केंद्रापर्यंत. बेरीज बरोबर ३२४५ ५/११ येते. दोनदा करून पाहिली.

माप ठरलं १ सेंमी = ४० मैल. एकूण खोली ८१.१ सेंमी, छत आणि प्रत्येक टप्पा १०.१ सेंमी, मोठा कडा १८.३ सेंमी, तळ २ सेंमी. टेबलावर मावतं.

आणि इथेच पहिली अडचण उभी राहिली. त्या कड्याच्या पायथ्याशी फसवणूक करणाऱ्यांचं आठवं वर्तुळ, मालेबोल्जे, ३५ मैल व्यासाचं. या मापात ते ९ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यात एकात एक दहा खंदक. नरकावरच्या ३४ सर्गांपैकी १८ ते ३० असे तेरा सर्ग दान्ते याच जागेत फिरतो. सगळ्या काव्यातली सर्वांत गजबजलेली जागा शर्टाच्या बटणापेक्षा लहान. माप वाढवून चालत नाही, कारण मालेबोल्जे ७० सेंमी करायचं तर पूर्ण शंकू ६५ मीटर खोल होतो. म्हणून तीन वेगळ्या प्रतिकृती : (१) पूर्ण छेद, १ सेंमी = ४० मैल. (२) मालेबोल्जे, १ सेंमी = अर्धा मैल, ७० सेंमी व्यासाची थाळी. (३) तळाचं गोठलेलं तळं, ३० सेंमी. पहिल्या छेदात मालेबोल्जेच्या जागी पितळी टाचणीचं डोकं बसवायचं आणि तिथून दोरा दुसऱ्या थाळीपर्यंत ओढायचा. बघणाऱ्याला प्रमाण आपोआप कळेल.

११ जून

छेदासाठी ५ मिमी सनबोर्डच्या सपाट अर्धवर्तुळाकार पायऱ्या कापल्या होत्या. त्या चुकल्या. लिंबोची पट्टी केंद्रापासून ७१ सेंमीवर सपाट ठेवली की तिची बाहेरची कड केंद्रापासून ८२ सेंमीवर जाते. पृथ्वीची त्रिज्या ८१.१. म्हणजे लिंबोचा काठ जमिनीच्या वर ८ मिमी बाहेर डोकावतो. कारण साधं आहे. पृथ्वी गोल, त्यामुळे ‘सारख्या खोलीवर’ असलेली जमीनही गोलाचाच तुकडा हवी. बहुतेक छापील चित्रांत पायऱ्या सपाट दाखवतात, नाट्यगृहासारख्या. छोट्या चित्रात ते खपून जातं, मापात घेतलं की उघडं पडतं.

आता प्रत्येक पायरी म्हणजे केंद्राभोवतीच्या गोलाची पट्टी. लिंबोच्या ५ सेंमी रुंदीच्या पट्टीत बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे अडीच सेंमी खाली येते. बघणाऱ्याला ती उतरती दिसणार. पण तिथे उभ्या असलेल्याला ती सपाटच, कारण त्याचं ‘खाली’ केंद्राकडे. हे पाटीवर लिहायलाच हवं, नाहीतर सगळे म्हणतील पायऱ्या वाकड्या बसल्यात.

सनबोर्ड दुमडतो, पण दोन्ही दिशांनी वाकत नाही. कागदी लगद्यावर जावं लागेल.

१९ जून

शाडूच्या ढिगावर फिरता फर्मा चालवून साचे केले. सहा फर्मे, ६ मिमी प्लायचे, कमानीची त्रिज्या अनुक्रमे ७१, ६०.९, ५०.७, ४०.६, ३०.४ आणि २०.३ सेंमी. मध्यावर खिळा, फर्म्याचं एक टोक खिळ्याला, दुसरं हातात, आणि सावकाश अर्धं वर्तुळ फिरवायचं. दोन माणसं लागतात : एक फिरवणारा, एक ओली शाडू भरणारा. माती घट्ट असेल तर फर्मा ती उचकटतो, सैल असेल तर कड ढासळते. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट, एवढं प्रमाण बरोबर बसलं.

साच्यावर खाण्याच्या तेलाचा हात, त्यावर क्लिंग फिल्म. मग वर्तमानपत्राच्या २ सेंमी रुंद पट्ट्या, मैद्याच्या खळीत बुडवून, सहा थर. प्रत्येक थराची दिशा आधीच्या थराला आडवी. कागद कापू नये, हाताने फाडावा : फाटलेली कड तंतुमय असते, ती थरात मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसते.

२७ जून

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर बुरशी. पावसात हवा इतकी दमट की सहा थर चार दिवसांतही आतून वाळले नाहीत, वरून मात्र कोरडे वाटत होते. साच्यावरून घाईने काढल्यामुळे चौथी पायरी कडेने मुरगळली.

दुरुस्ती : खळ शिजवतानाच मोरचूद घालायचं, अर्धा किलो मैद्याला एक सपाट चमचा, गरम पाण्यात आधी विरघळवून. हातमोजे घालूनच काम, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नाही. सहा थर एकदम न देता दोन-दोन करून द्यायचे, मधे पंख्याखाली एक रात्र. मुरगळलेली पायरी टाकून दिली. पुन्हा ओली करून सरळ करता येते, पण तिची वक्रता परत मिळत नाही, आणि इथे सगळं काम वक्रतेचंच आहे.

४ जुलै

छत झालं. १० सेंमी जाडीचं थर्माकोल, दोन थर चिकटवून, तारेच्या गरम कटरने गोलाईत कापलं. चिकटवायला फेव्हिकॉल. रबराचं सोल्युशन चुकूनही नको, ते थर्माकोल खातं. स्प्रे रंगाचंही तेच : एका तुकड्यावर फवारून पाहिलं तर मिनिटाभरात खड्डे पडले. आधी फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून दोन हात, वाळल्यावर पाण्याचा रंग ब्रशने.

छत बसवल्यावर सर्वांनी हात लावून पाहिलं. आधाराशिवाय भक्कम उभं राहतं. गॅलिलिओने १५८८ मध्ये नेमका हाच युक्तिवाद केला होता. नरकाचं छत एवढ्या रुंदीवर टिकेल का, या शंकेला त्याने लहान घुमटाचा दाखला दिला : लहान घुमट त्याच्या मानाने याहून पातळ असूनही उभा राहतो, मग त्रिज्येच्या आठव्या हिश्श्याएवढं जाड छत सहज राहील. यात चूक आहे. वस्तू दहापट मोठी केली की वजन हजारपट होतं, पण भार पेलणारा छेद शंभरपटच वाढतो. थर्माकोलचं छत उभं राहिलं म्हणून चारशे मैल जाड दगडाचं उभं राहील असं होत नाही. पुढे १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात गॅलिलिओने हाच नियम मांडला : मोठ्या प्राण्याची हाडं प्रमाणापेक्षा जाड का लागतात, मोठी नाव लहान नावेची नुसती वाढवलेली नक्कल का चालत नाही. काही अभ्यासक या विचाराचं मूळ त्या तरुणपणीच्या नरकावरच्या व्याख्यानांत शोधतात. आम्हाला ते पटतं. छताखाली हीच पाटी लावायची, आणि मुलांना हात लावू द्यायचा.

१२ जुलै

मालेबोल्जेची थाळी. पाया १८ मिमी एमडीएफ, ७० सेंमी व्यास.

आकडे दोनच, पण पक्के. नवव्या खंदकाचा घेर २२ मैल (सर्ग २९), दहाव्याचा ११ मैल आणि रुंदी अर्ध्या मैलाहून कमी नाही (सर्ग ३०). २२/७ ने भागलं की व्यास ७ आणि साडेतीन मैल. म्हणजे दर खंदकाला व्यास साडेतीन मैलांनी वाढतो, दहा खंदकांना ३५. थाळीवर दर खंदकाला त्रिज्येत ३.५ सेंमी. त्यातले ३ सेंमी खंदक आणि अर्धा सेंमी बांध, हे आम्ही धरलेलं. शेवटचा खंदक १ सेंमी, त्याच्या आत अर्धा सेंमी बांध, मधोमध ४ सेंमीची विहीर. सगळं कोष्टक बरोबर बसतं.

हे दोन आकडे दान्ते कुठे देतो ते पाहण्यासारखं आहे. नवव्या खंदकात फूट पाडणारे चालत राहतात. एक सैतान त्यांना तलवारीने चिरतो, फेरी पूर्ण होईपर्यंत जखमा भरतात, आणि पुन्हा त्याच्यासमोर येताच तो पुन्हा चिरतो. तेव्हा २२ मैल म्हणजे जखम भरायला लागणारी वाट. दहाव्यात खोटी नाणी पाडणारा मास्टर आदामो जलोदराने फुगून पडला आहे, हलता येत नाही. तो म्हणतो, शंभर वर्षांत एक इंच जरी सरकता आलं असतं तरी मी एव्हाना निघालो असतो, ज्याने मला या कामाला लावलं त्या माणसाला शोधायला, खंदकाचा घेर ११ मैल असला तरी. गुणाकार करून पाहिला : पूर्ण फेरीला साडेसात कोटी वर्षांहून जास्त. हा सूड मोजायला आकडा लागतो. पाटीवर खंदकाच्या मापाबरोबर हीच दोन वाक्यं द्यायची, शिक्षेचं वर्णन वेगळं नको.

थाळी सपाट ठेवली होती, तीही चुकली. सर्ग २४ मध्ये स्पष्ट आहे की सगळं मालेबोल्जे विहिरीकडे उतरतं, त्यामुळे प्रत्येक खंदकाची बाहेरची भिंत उंच आणि आतली बुटकी. पायावर कडेकडे जाड होत जाणाऱ्या पाचरी लावून बाहेरची कड ६ सेंमी उचलली. बांध आता शेताच्या उतरत्या बांधांसारखे दिसतात.

१८ जुलै

पूल. बाहेरच्या कड्यापासून विहिरीपर्यंत खडकाच्या कमानी सगळे खंदक ओलांडतात. दान्ते स्वतः किल्ल्याभोवतीच्या खंदकांची आणि त्यावरच्या पुलांची उपमा देतो, त्यामुळे इथल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. एकूण किती रांगा ते मजकुरात नाही. आम्ही सहा धरल्या, ६० अंशांवर एक.

सहाही रांगा पूर्ण बसवल्या आणि मग पुन्हा काढाव्या लागल्या. सहाव्या खंदकावर एकही पूल शाबूत नको. ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळच्या भूकंपात ते कोसळले. सर्ग २१ मध्ये सैतानांचा नायक मालाकोदा तासाच्या हिशोबाने सांगतो : काल, या वेळेच्या पाच तास पुढे, १२६६ वर्षं झाली. त्यावरूनच प्रवासाचं साल १३०० निघतं. याच वाक्याला जोडून तो खोटं बोलतो की पुढे एक पूल धड आहे. खरी तारीख आणि खोटी वाट एकाच तोंडून. दान्ते आणि त्याचा वाटाड्या, जुना रोमन कवी व्हर्जिल, यांना शेवटी पाठीवरून घसरत सहाव्या खंदकात उतरावं लागतं.

म्हणून सहाव्या खंदकात सहाही ठिकाणी दगडांचा ढीग (पीओपीचे तुकडे, पाण्यात भिजवलेल्या कोळशाच्या भुकटीने रंगवलेले). ही चूक छापील नकाशांतही आढळते, तपासणाऱ्याने आधी इथेच बोट ठेवावं.

२३ जुलै

प्रवासाचा मार्ग दाखवणारा लाल दोरा उलटा चिकटवला गेला. दोघे प्रवासी प्रत्येक वर्तुळात पोहोचले की डावीकडे वळतात. मध्याकडे तोंड करून उभं राहा आणि डावीकडे वळा : मध्य तुमच्या उजव्या हाताला येतो. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा. कुणी मुद्दाम तशी योजलेली नाही, पण देवळात जाणारा बघणारा हे नक्की ओळखेल. अपवाद दोनच : सर्ग ९ मध्ये जळत्या थडग्यांपाशी आणि सर्ग १७ मध्ये गेर्योन या विचित्र पशूकडे जाताना ते उजवीकडे वळतात. त्या दोन जागी दोऱ्याला पांढरी गाठ.

फेव्हिकॉल लावलेला दोरा उचलताना खालचा रंग निघाला. पुढच्या वेळी आधी टाचण्यांवर दोरा फिरवून पाहायचा, मगच चिकटवायचा.

२९ जुलै

खेळांची भिंत. इथे कापड छापून टांगणं सोपं होतं, पण एक चालता नकाशा हवा होता, म्हणून १९९३ च्या डूम या संगणकावरच्या खेळासाठी मालेबोल्जेची पातळी बनवतो आहोत.

त्या खेळाच्या तिसऱ्या भागाचं नावच इन्फर्नो. त्यात सातवा नकाशा लिंबो आणि आठवा डिस. दान्तेत लिंबो पहिलं आणि डिस सहाव्या वर्तुळाचा तट. नावं घेतली, क्रम सोडला. कागदपेन्सिलीच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या नऊ नरकांतही तसंच : दुसरा थर डिस ही लोखंडी नगरी, सहावा मालबोल्ज. २०१० च्या दान्तेवरच्या खेळात दहा खंदक दहा लढाईच्या आखाड्यांएवढे उरले, आणि कवी स्वतः धर्मयोद्धा झाला. ही तुलना भिंतीवर तीन रकान्यांत द्यायची. नुसत्या नावांची उसनवारी आणि रचनेची उसनवारी यांतला फरक त्यात दिसेल.

डूमच्या मूळ इंजिनात एका खोलीवर दुसरी खोली ठेवता येत नाही. प्रत्येक बिंदूला एकच फरशी आणि एकच छत. म्हणजे ज्याचं सगळं बळ थरांत आहे तो नरक या इंजिनात थरांनी बांधताच येत नाही. त्या खेळाचा नरक आडवा पसरतो, त्याचं कारण हेही आहे. आमच्यापुढे प्रश्न पुलांचा. खालून माणसं चालणारा पूल शक्य नाही. पट्टी भरीव केली तर खंदकाचे तुकडे पडतात आणि नवव्या खंदकातली फेरीच बंद होते. तोड : प्रत्येक पूल म्हणजे लिफ्टचा सेक्टर, म्हणजे फरशी वरखाली होणारा नकाशाचा तुकडा. वर असताना पूल, खाली गेल्यावर खंदकाचा तळ, तीन सेकंद थांबून पुन्हा वर. सहाव्या खंदकाला मात्र लिफ्ट नको, तिथे तुटलेलेच बरोबर.

बाकी मापं : बांधापासून खंदक १२८ एकक खोल. खेळाडू २४ एककांपर्यंतची पायरी चढतो, त्यामुळे एकदा पडला की बाहेर पडायला फक्त लिफ्ट किंवा सहाव्यातला ढिगारा, त्याच्या पायऱ्या १६ एककांच्या. प्रत्येक बांध आधीच्यापेक्षा १६ एकक खाली, म्हणजे उतार जुळला. पाचव्या खंदकातल्या उकळत्या डांबराला नुकसान करणाऱ्या फरशीचा सर्वांत कडक प्रकार दिला : दर ३२ टिकला २० टक्के. सेकंदाला ३५ टिक, म्हणजे पूर्ण प्रकृतीचा खेळाडू पाच सेकंदांच्या आत संपतो.

आणि तिथेच या माध्यमाची मर्यादा लागते. खेळात फरशी मारते आणि माणूस मरतो. नरकाच्या मजकुरात, इटालियन असो की संस्कृत, माणूस मरत नाही, हीच शिक्षा. चाचणीत प्रत्येकाला हे खटकलं. डांबराचं नुकसान ५ टक्क्यांवर आणून मधे औषधाच्या कुप्या ठेवल्या, म्हणजे निदान रेंगाळता येईल.

५ ऑगस्ट

भागवताची भिंत, आणि शब्दांचा घोळ. इंग्रजी नावांच्या मराठी पाट्यांत कुणीतरी ‘पाताळ’ लिहिलं होतं. काढलं. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल ते पाताळ हे सात लोक स्वर्गापेक्षाही ऐश्वर्याचे सांगितले आहेत, नरक नव्हेत. नरकांचा अध्याय पुढे वेगळा येतो, सव्विसावा. ‘सैतान’ आणि ‘यमदूत’ही एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. दान्तेचा लूसिफर, सैतानांचा राजा, स्वतः सर्वांत खाली अडकलेला कैदी आहे, यमदूत नेमणुकीवर असतात.

अठ्ठावीस नावं लावली : तामिस्र ते अयःपान एकवीस, मग क्षारकर्दमापासून सूचीमुखापर्यंत सात. दोन गट वेगळे ठेवले, कारण ग्रंथातही ते वेगळे येतात. एका टिपणीत यांना ‘अठ्ठावीस मजले’ म्हटलं होतं, तेही खोडलं. भागवतात नरकांची दिशा आहे, दक्षिण. जागा आहे, भूमीच्या खाली आणि पाण्याच्या वर. पण एकाखाली एक असा क्रम नाही. म्हणून पाट्या उतरंडीने न लावता विखरून लावल्या, आणि भिंत दालनाची दक्षिणेकडची निवडली. साधं होकायंत्र कपाटापासून लांब धरून खात्री केली, कारण फोनचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ वीस अंश चुकत होतं.

आकडे थोडेच मिळतात. कालसूत्र : दहा हजार योजनं घेराचं तांब्याचं पटांगण, वरून सूर्य आणि खालून अग्नी. त्यासाठी तांब्याचा पत्रा, १ मिमी, कडा घासलेल्या. सूचीमुखात धनाला चिकटून राहिलेल्याच्या अंगात यमदूत विणकऱ्यांसारखे दोरे ओवतात. शेजारी साधी दाभण आणि पिळाचा सुती दोरा टांगला. या दोन वस्तूंपुढे माणसं जास्त वेळ थांबतील असा आमचा अंदाज आहे. जुन्या ‘करणी भरणी’च्या छापील चित्रांत दिसणाऱ्या कढया आणि करवती नको म्हणून ठरलं, त्या सगळ्यांना पाठ आहेत.

१३ ऑगस्ट

तिसरी प्रतिकृती, कोसायटस. सगळ्यांना सांगून ठेवलं : तळाशी आग नाही. लूसिफरचे सहा पंख हलतात, त्या वाऱ्याने तळं गोठलेलं आहे. लाल दिवा इथे लावायचा नाही, थंड पांढरा एलईडी, तोही कडेने.

मैल ३००० ब्राचोंचा आणि ब्राचो (फ्लोरेन्सचं हाताचं जुनं माप) ५८ सेंमीचा धरला. विहीर २ मैल, म्हणजे साडेतीन किलोमीटर, ती ३० सेंमीत. लूसिफरची उंची गॅलिलिओच्या पद्धतीने : राक्षस निम्रोदचा चेहरा रोमच्या संत पीटरच्या कांस्य पाइनफळाएवढा (ते आज व्हॅटिकनच्या अंगणात आहे), म्हणजे साडेपाच ब्राचो. आठ चेहऱ्यांचं अंग, ४४ ब्राचो. दान्ते म्हणतो, आकाराने मी राक्षसाच्या जितका जवळ आहे त्याहून राक्षस लूसिफरच्या बाहूपासून दूर आहे. माणूस ३ ब्राचो, तर बाहू ४४ गुणिले ४४ भागिले ३, सुमारे ६४५. उंची त्याच्या तिप्पट, १९३५ ब्राचो, एक किलोमीटरहून जास्त.

आमच्या मापात लूसिफर ९.७ सेंमी, राक्षस २ मिमी, आणि माणूस ०.१५ मिमी. माणसं करायची कशी यावर बराच वेळ गेला. उपाय घरचाच निघाला : रांगोळी. बारीक चाळणीतून गाळलेली काळी रांगोळी याच मापाची असते. सर्वांत आतल्या जुदेक्कात पापी बर्फाच्या पूर्ण आत आहेत, काचेत अडकलेल्या काडीसारखे. तिथे रांगोळीची चिमूट रेझिनच्या आत. बाहेरच्या कैना, आंतेनोरा आणि तोलोमेआत डोकी वर आहेत, तिथे रांगोळी पृष्ठभागावर भुरभुरायची. चार पट्ट्यांची रुंदी मजकुरात नाही, समान धरली, ३.७५ सेंमी.

रेझिन दोन ओतींत, ५-५ मिमी. प्रत्येक ओतीला ४०० ग्रॅम : २६७ रेझिन, १३३ हार्डनर, वजनकाट्यावर. एकदम १ सेंमी ओतलं तर आत उष्णता साठते, पिवळेपणा आणि बुडबुडे येतात.

२१ ऑगस्ट

पहिली ओत वरून चिकट राहिली आणि दुधाळ झाली. प्रमाण बरोबर होतं. पावसाळी रात्री खिडकी उघडी राहिली, ओलाव्याशी हार्डनरची क्रिया झाली. कोमट पाणी आणि मऊ फडक्याने चिकट थर पुसला, वाळवून ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने ओलं घासलं. दुसरी ओत बंद खोलीत, डीह्युमिडिफायर लावून, दुपारी. रांगोळी लगेच टाकली असती तर बुडाली असती. दीड तासाने रेझिन मधासारखं झाल्यावर टाकली, ती मधोमध अडकून राहिली.

दुधाळपणा थोडा उरला आहे. बर्फाला तो शोभतो, तसाच ठेवला. लूसिफरची छाती वर, कंबरेखालचा भाग थाळीच्या खालून उलटा दिसतो. त्याच्या मांडीपाशी पृथ्वीचं केंद्र, तिथूनच दोघे प्रवासी डोकं खाली, पाय वर असे वळतात. थाळीखाली आरसा ठेवला.

२८ ऑगस्ट

उरलेलं रेझिन अवीचीसाठी. भागवतात साक्ष देताना, व्यवहारात किंवा दानात खोटं बोलणाऱ्याला शंभर योजनं उंच डोंगराच्या माथ्यावरून डोकं खाली करून फेकतात. खाली पाणी दिसतं, पण ते दगडाचं पठार आहे. लाट नाही म्हणून अवीची. देह तिळतिळ फुटतो, मरण येत नाही, पुन्हा वर नेऊन पुन्हा ढकलतात.

काळ्या कडप्प्याची ४५ सेंमीची फरशी घेतली, घासून सपाट केली, त्यावर एकच पातळ ओत, २ मिमी. कडा चिकटपट्टीने बांधल्या, बुडबुडे केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने फोडले. संध्याकाळच्या तिरक्या उजेडात दारातून पाहिलं तर पाणीच वाटतं.

मग लक्षात आलं की सर्ग ३२ मध्ये दान्ते कोसायटसबद्दल नेमकं उलट लिहितो : थंडीने ते तळं पाण्यासारखं न दिसता काचेसारखं दिसत होतं. एकीकडे पाणी वाटणारा दगड, दुसरीकडे काच वाटणारं पाणी. एकात खोटी साक्ष देणारे, दुसऱ्यात विश्वासघातकी. दोन्ही थाळ्या आधी वेगवेगळ्या भिंतींपाशी होत्या, त्या आता एकाच टेबलावर, मधे हातभर जागा सोडून. पाट्यांवर फक्त दोन ओळी, मूळ संस्कृत आणि मूळ इटालियन, देवनागरीत. फरशीच्या कडेची चिकटपट्टी उद्या काढायची, आज काढली तर कड सांडेल.